पाण्याबाहेरचं वजन

मासे मिळाले का, हे सगळे विचारतात. चोणकासारखा मोठा मासा लागला की शेवटे या लहान माशांवरच भागवलं, मगर दिसली का, ऊन लागत नाही का, एकटीला भीती वाटत नाही का, सगळं विचारून होतं. नाव वर कशी काढलीस, हे मात्र कोणी विचारत नाही. कयाकवरून, म्हणजे एकट्याने चालवायच्या निमुळत्या छोट्या नावेवरून, मासे धरणाऱ्या माणसाला विचारण्यासारखा खरा प्रश्न तोच आहे, असं माझं मत झालंय. गळ टाकणं शिकता येतं, वल्हवणं तर थोड्या सरावाने जमतं. पण ऊन चढल्यावर, दमूनभागून, ओल्या कपड्यांनी ते धूड पाण्याबाहेर काढून जागेवर नेणं जमलं, तरच माणूस पुढच्या रविवारी पुन्हा जातो. गोव्यात कितीतरी घरांच्या मागे माडाला टेकवून ठेवलेल्या, कोळिष्टकं धरलेल्या कयाक मी पाहिल्या आहेत. त्यांच्या मालकांना मासेमारीचा कंटाळा आला असेल असं मला वाटत नाही. उचलण्याचा आला असणार.

मासेमारीची कयाक ही हौसेने तासभर फिरायच्या कयाकपेक्षा वेगळी जात आहे. तिच्यावर उभं राहून गळ टाकता यायला हवा, म्हणून ती रुंद; माझी ३४ इंच आहे. रुंद म्हणून जड. पॉलिइथिलीनची पावडर साच्यात घालतात, साचा भट्टीत सगळ्या बाजूंनी फिरवतात आणि आतून पोकळ, एकसंध असं कवच तयार होतं. ते खडकावर आपटलं तर सहसा फुटत नाही, पोचा येतो आणि उन्हात ठेवलं की बराचसा भरूनही निघतो. मार खाण्याची ही ताकद आणि ते वजन, दोन्ही त्या जाड कवचातूनच येतात. माझी कयाक १२ फुटी, पायाने पेडल मारायची, रिकामी ५० किलोच्या आसपास. माझं स्वतःचं वजन ५४. सीट, पेडलचा सांगाडा, बॅटरी, मासे दाखवणारं यंत्र, नांगर, बर्फाची पेटी, पाण्याच्या बाटल्या धरल्या की ती माझ्या बरीच पुढे निघून जाते.

मूळ कयाक उत्तरेकडच्या बर्फाळ प्रदेशातल्या इन्युइट शिकाऱ्यांची. लाकडाचा किंवा हाडांचा सांगाडा आणि त्यावर ताणून शिवलेलं सीलचं कातडं. शिकारी एकटा जाई आणि एकटाच ती उचलून नेई. एकट्याला पेलवणं हा तिचा जन्मजात गुण होता. बाटली ठेवायचा खाचा, रॉड उभे करायची नळकांडी, पाठ टेकायची सीट, एवढ्यासाठी आपण तो विकून टाकला. मी तक्रार करत नाहीये. त्या सीटवर पाच तास बसून माझी कंबर दुखत नाही. धोका असतो तो नंतरच्या पंधरा मिनिटांत.

पाण्यात असेपर्यंत ते वजन नदी सांभाळते. मांडीएवढ्या पाण्यात उभं राहून नावेच्या कडेला एक बोट लावलं तरी ती वळते. नावेचं पुढचं टोक, म्हणजे नाळ, धक्क्याच्या काँक्रीटला टेकली की पहिले काही किलो माझ्या वाट्याला येतात, मग दर वितीला थोडे थोडे वाढत जातात, आणि शेवटी सगळी ती माझी. ताकदवान माणसं इथे ताकद लावतात आणि कंबरेत उसण भरून घेतात. माझ्याजवळ तेवढी ताकदच नसल्यामुळे मला वेळेचा विचार करावा लागला. मी कधी आणि कुठे उतरणार, हे परतायची वेळ आधी ठरवून मग उलट मोजत येते. मासे कुठे असतील हा प्रश्न त्यानंतरचा. माझ्याबरोबरच्या हौशी मंडळींना हे अगदीच उलटं वाटतं.

कोकणात आणि इथे जुन्या माणसांचा भरतीचा एक हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन वाजता भरती, दुपारी आणि पहाटेही. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. मुरगाव बंदराचा तक्ता आता फोनवर मिळतो आणि तो मिनिटापर्यंत वेळ सांगतो. दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात, तेही त्यात कळतं. पण पुढच्या महिन्यातले रविवार कसे आहेत हे बघायला भिंतीवरचं कॅलेंडर आणि पाऊणपट पुरते. फोंड्याच्या बाजूला, नदीच्या आत, पाणी बंदरापेक्षा उशिरा पोचतं. तेवढं वर मिळवायचं.

आता या हिशेबातली मौज बघा. सगळ्यांत मोठ्या भरत्या, उधाणाच्या, पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास येतात, आणि आपल्या किनाऱ्यावर त्यांची वेळ दुपारच्या जेवणाआधीची. म्हणजे ओहोटी पहाटे पाच-साडेपाचला. अंधारात धक्क्यावर पोचावं तर सगळा उतार उघडा पडलेला, बॅटरीच्या उजेडात शेवाळ चमकतंय आणि पाणी लांब खाली. बघूनच वैताग येतो. पण त्या वेळी मी झोप काढून आलेली असते, बर्फाच्या पेटीत मासा नसतो आणि वाट उताराची असते. परत येते तेव्हा नदी त्याच उताराच्या वरच्या टोकाशी येऊन थांबलेली असते. उधाणाला इथे भरती-ओहोटीत सुमारे दोन मीटरचा फरक पडतो. सात मीटर चालल्यावर एक मीटर वर, असा चढ धरला तर दोन मीटर म्हणजे चौदा मीटरचा निसरडा उतार. तेवढा चढ ती नाव, सामानासकट आणि मीही आत बसलेली असताना, नदीने चढवून ठेवलेली असते. मी फक्त वेळेवर पोचायचं.

अकराच्या सुमाराला परतणं आणखी एका कारणासाठी बरं. थंडी-उन्हाळ्यात दुपार कलायच्या आधीच समुद्रावरून वारं सुटतं, झुआरी नदीचं रुंद पात्र उसळायला लागतं, आणि लाटांत आडव्या झालेल्या नावेला धक्क्याशी सरळ धरणं हे दोन माणसांचं काम होऊन बसतं. उधाणाच्या दिवशी वारं यायच्या आत पाणी चढलेलं असतं. सगळ्यांत वाईट चतुर्थी-पंचमी. उधाणाचा जोर अजून पुरता ओसरलेला नसतो आणि ओहोटी बरोबर नऊ-दहाला, म्हणजे पेटी भरलेली असताना. त्यातही कृष्ण पक्षातली चतुर्थी म्हणजे संकष्टी. घरात उपास, मासा आणला तरी कोणी शिजवणार नाही, आणि नदीही खाली गेलेली. पंचांग करणाऱ्याने माझा विचार केलेला दिसतो. अष्टमी मधली. ओहोटी बाराला असते, पण ती भांगाची. पाणी फार खाली जात नाही, चाललं तर चालतं.

गोव्याने एकट्या कयाकवाल्यांना एक देणगी दिलेली आहे, त्यांच्या नावाने न बांधता: फेरीबोटीचे धक्के. गाड्या चढाव्यात-उतराव्यात म्हणून पाण्यात थेट उतरत गेलेला काँक्रीटचा रुंद उतार. पूल झाले, काही फेऱ्या बंद पडल्या, धक्के मागे राहिले. असा निवांत धक्का मिळाला तर त्यासारखं सुख नाही. चालू धक्क्यावर मान पहिला फेरीचा. ती लांबून येताना दिसली की आपण नदीतच थांबायचं, तिचा फळा खाली पडून स्कूटर आणि माणसं उतरून जाईपर्यंत. मध्ये घुसून घाईघाईत नाव ओढणारे लोक मी पाहिलेत. फेरी चालवणाऱ्या तांडेलाच्या शिव्या त्यांनी कमावलेल्याच असतात.

आता प्रत्यक्ष काढण्याकडे येते. लागतो तो दोन चाकांचा गाडा, ॲल्युमिनियमच्या सांगाड्याचा. माझा फुगीर चाकांचा आहे. फुगीर चाकं वाळूत रुतत नाहीत म्हणून घेतात, पण त्यांत हवा असते आणि हवा काही पाण्याखाली राहायला तयार नसते. तरंगत्या नावेखाली तो सरकवायला जावं तर उसळून दुसऱ्या बाजूने वर येतो. पायाने दाबून धरावा तर एका पायावर उभं राहावं लागतं, तेही शेवाळावर. यावर उपाय म्हणजे गाडा नावेखाली न घालता नावेला गाड्यावर आणणं. पाणी गुडघाभर असावं. कमी असेल तर तळ टेकतो, जास्त असेल तर माझाच तोल जातो. पेडलचे पंखे आणि सुकाणू याआधीच वर घेतलेलं असतं, आणि बर्फाची पेटी, रॉड, बॅटरी धक्क्यावर कोरड्यात गेलेली असते. हलकी झालेली कयाक मग पलीकडे एका कुशीवर कलती करायची, म्हणजे तिचा ओला तळ समोर येतो. गाडा त्या तळाला, मध्याच्या किंचित मागे, भिडवायचा. पट्टा वरून फिरवून बकलात घालून कचकन ओढायचा, आणि नाव सोडून द्यायची. ती आपली आपण सरळ होते आणि मघाशी उसळणारी चाकं तिच्या भाराखाली मुकाट्याने बुडतात. हे पहिल्यांदा जमलं तेव्हा मी मोठ्याने हसले होते. आजही तो क्षण मला मासा लागण्याइतकाच आवडतो.

काही गाड्यांना पट्ट्याऐवजी दोन उभ्या खुंट्या असतात, त्या कयाकच्या निचऱ्याच्या भोकांत खालून घुसवायच्या. लावायला सुटसुटीत, पण सगळा भार त्या भोकांच्या कडांवर येतो, आणि भरलेली नाव खड्ड्याखुड्ड्यांतून नेली तर तिथेच तडा जायची शक्यता. मी पट्टेवालीच.

चाकं मध्याजवळ असली की नावेचा भार चाकांवर राहतो, हातात फार थोडा येतो. चढावर मात्र ती मागे ओढते. सत्तर किलोची नाव आणि सातास एक चढ म्हणजे जवळजवळ दहा किलोची ओढ, वर चाकांचं रखडणं वेगळं. एवढं मी ओढू शकते, पण एका दमात नाही. त्यामुळे दोर खांद्यावरून आडवा घेते, कमरेला कधीच बांधत नाही. नाव सुटली तर तिला एकटीला पाण्यात जाऊ द्यावं, आपण तिच्यामागे फरपटत जायचं कारण नाही. चिऱ्याचा एक तुकडा जवळ ठेवलेला असतो. चार पावलं चढलं की चाकामागे चिरा, श्वास, पुन्हा चार पावलं. बघणाऱ्याला हे फार केविलवाणं दिसत असावं. पण उसण भरण्यापेक्षा केविलवाणं दिसणं परवडलं.

आणि एक गोष्ट जी दुकानात कोणी सांगत नाही: पोकळ नावेच्या पोटात पाणी साठतं. झाकणाच्या फटीतून, रॉड अडकवायच्या स्क्रूंमधून, थोडं थोडं. लिटरला एक किलो, हिशेब सोपा आहे. शिवाय ते पाणी एका जागी बसत नाही. नाळ वर उचलली की सगळं खळखळत मागच्या टोकाला धावतं, आणि जिथे वजन नको असतं तिथेच जाऊन बसतं. म्हणून चढाला लागल्यावर लगेच थांबून मागचं बूच उघडायचं. तांबूस, कोमट धार पडत राहते. तेवढ्यात माझं पाणी पिऊन होतं.

पाण्यात गुडघाभर उभं राहण्याबद्दल लिहिलं आणि मगरीचं लिहिलं नाही तर फोंड्याची माणसं हसतील. मांडवी आणि झुआरी यांना जोडणाऱ्या कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत. पर्यटकांच्या बोटी त्या दाखवायला फिरतात. दुर्भाट भागात पौष अमावास्येला चिखलाची मगर घडवून तिची पूजा करतात, मांगे थापणी म्हणतात तिला. खाजन शेतीच्या, म्हणजे खारं पाणी बांधाने अडवून केलेल्या शेतीच्या, बांधावर, पाणी आत-बाहेर सोडायच्या दाराजवळ, म्हणजे मानशीजवळ, रात्री-अपरात्री पाण्यात उतरणाऱ्या लोकांनी त्या शेजाराशी केलेला तो करार आहे, असं मी समजते. मी माझ्यापुरता करार असा केलाय: कालव्याच्या बाजूला नाव काढायची तर दिवसाउजेडी, उघड्या उतारावर, झाडीच्या सावलीत नाही, आणि पाण्यात उभं राहून मासा साफ करायचा नाही. कातरवेळी त्या पाण्यात गुडघाभर उभं राहून पट्ट्याचं बकल शोधणं ही धाडसाची गोष्ट नव्हे, नियोजन चुकल्याची आहे.

चिखलाचा प्रकार तर सगळ्यांत वेगळा. ओहोटीला खारफुटीच्या कडेने जो काळा चिखल उघडा पडतो, त्यावर नाव अजिबात जड वाटत नाही. एका हाताने सरकते. अडकतो तो माणूस. पाय पोटरीपर्यंत जातो, चप्पल आत राहते, आणि चिखलात कुठे कालवाचा शिंपला उभा असेल तर रक्त आधी दिसतं, दुखतं मागाहून. अशा जागी नावेचाच आधार घ्यायचा: छाती तिच्या पाठीवर टाकून, मागून पायाने रेटत, दोघींनी मिळून पुढे सरकायचं. पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, टाकणाऱ्या एका काकांनी हे मला करून दाखवलं. दिसायला अजिबात शोभिवंत नाही. दुसरा मार्ग म्हणजे नावेत बसून भरतीची वाट बघणं. डबा आणि पाणी असेल तर मला हाच जास्त पसंत आहे. तास-दीड तासात नदी आपणहून येऊन उचलते.

जिथे धक्का नाही, नुसता बांध आणि त्यावर माड, तिथे दोर आणि कप्प्या. माडाच्या बुंध्याला आधी गोणपाट, त्यावर रुंद पट्टा, म्हणजे झाड सोलवटत नाही आणि झाडाचा मालक बोलत नाही. दोन कप्प्या अशा जोडायच्या की तीन मीटर दोर ओढला की नाव एक मीटर सरकते. ओढीचा भारही तिसऱ्या हिश्शाच्या आसपास येतो, घर्षण थोडं खातं. मध्ये हात सुटला तर नाव मागे जाऊ नये म्हणून एक पकड-गाठ, गिर्यारोहक वापरतात ती प्रुसिक. खाली पीव्हीसी पाइपचे दोन-तीन तुकडे. हे सगळं ऐकायला फार विद्वत्तेचं वाटतं आणि चालतंही छान, पण पिशवीत ते आणखी तीन किलो होतं. मी ते आता नेत नाही. बांधावरून उतरायचंच टाळते.

समुद्राच्या बाजूने मी क्वचितच जाते, आणि गेलेच तर शिरदोणसारख्या, जिथे लाट मवाळ असते अशा किनाऱ्याला. लाटेत नाव काढताना एकच नियम आहे आणि तो तोडायचा नाही: नाव आणि किनारा यांच्यामध्ये आपण उभं राहायचं नाही. पुढची लाट ती नाव, पोटातल्या पाण्यासकट, सरळ गुडघ्यावर आणून घालते. टोकाशी उभं राहावं, नाळ धरावी, आणि लाट जेव्हा तिला उचलते तेव्हाच ओढावं. लाट ओसरली की थांबावं. लाट नसताना ओढणं म्हणजे फुकटची हमाली.

याच किनाऱ्यांवर रापणकारांची, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्यांची, होडी वर काढताना पाहिली की माझी सगळी गाडा-कप्प्यांची विद्या थिटी वाटते. मोठी लाकडी होडी, दोन्ही बाजूंना माणसं, खाली आडवे ओंडके. एक जण आरोळी देतो आणि त्या आरोळीच्या शेवटच्या अक्षरावर सगळ्यांचा जोर एकत्र लागतो. मागचा ओंडका सुटला की पोरगा तो उचलून पळत पुढे आणून टाकतो. ज्याचा हात लागला त्याच्या हातात चार मासे पडतात, मग तो रापणीतला असो की रस्त्यावरून सहज आलेला. या किनाऱ्यावर होडी एकट्याने काढायची वस्तू कधी नव्हतीच. नदीत पाग टाकणाऱ्याची लहान होडीही दोराने बांधून पाण्यातच ठेवतात. रोज उचलून घरी कोण नेतो? रविवारी सकाळी गाडीवर नाव बांधून यायचं आणि दुपारी ती बांधून परत जायचं, ही आम्हा नोकरदार लोकांची तऱ्हा. एकटेपण आम्हीच बरोबर घेऊन जातो.

त्यात मी बाई. धक्क्यावर कोणी ना कोणी असतंच. गळ घेऊन बसलेला म्हातारा, फेरीची वाट बघणारी पोरं, कोणी दारू उतरवत बसलेला. "एकलीच?" हा पहिला प्रश्न. त्यात काळजी किती आणि चौकशी किती हे आता मला आवाजावरून कळतं. "बाय, धरूं?" हा दुसरा, आणि उत्तराची वाट न बघता माणूस नावेला हात घालतो. आणि इथेच घोळ होतो. मी बकल लावत असताना तो नाळ उचलतो, गाडा सटकतो, माझी बोटं मध्ये. किंवा दोघं मिळून उचलायचं ठरतं, एक-दोन-तीन म्हणायचं ठरतं, आणि तो तीनवर उचलतो, मी तीननंतर. जुळवून न घेतलेली दोन माणसं एका माणसापेक्षा कमी ताकदीची असतात, हे मी शपथेवर सांगेन. सुरुवातीला मी नको-नको म्हणायचे. लोकांना ते घमेंडीचं वाटायचं, आणि थोडी घमेंड असायचीही. आता मी काम वाटून देते. "मातशें राव," जरा थांब म्हणते, पट्टा ओढून होईपर्यंत. मग त्याला मागे उभं करते आणि चिरा हातात देते: मी थांबले की चाकामागे टाक, बस. हे काम कोणालाही जमतं आणि चुकलं तर कोणाची कंबर जात नाही. एका म्हाताऱ्या काकांनी चिरा हातात तोलून बघितला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "सुकती लागल्या. बेगिन काड." ओहोटी लागली, लवकर काढ. सल्ला म्हणून हा मला मिळालेला सगळ्यांत उपयोगी सल्ला आहे. भरती माथ्यावर आली की पाणी थोडा वेळ थबकतं, मग परतायला लागतं, आणि गप्पा मारत राहिलात तर नदी आपला हात काढून घेते.

तरीही, एकटीने काढता येत नसेल तर एकटीने जाऊ नये, या मताची मी आहे. धक्क्यावर कोणी असेल असं धरून निघणं म्हणजे अनोळखी माणसाची सकाळ आपण परस्पर वापरायला काढणं. मदत मिळाली तर आनंद. घरी परतायची जागा आणि वेळ सांगून निघायचं, अंगात लाइफ जॅकेट आणि फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, हे तर धरूनच चालायचं. पावसाळ्यात मी जात नाही. यांत्रिक होड्यांना १ जून ते ३१ जुलै बंदी असते, माझ्या पेडलवाल्या नावेचा त्यात काय संबंध असं कोणी म्हणेल. पण त्या दिवसांत नदी गढूळ, वेगाने वाहणारी, झाडांचे ओंडके घेऊन येणारी असते. पुराच्या पाण्यात पाऊणपटीचा हिशेबही नीट चालत नाही.

राहिलं गाडीच्या टपावर चढवणं. खरं सांगायचं तर युक्ती इथेही तीच, सगळं एकदम उचलायचं नाही. नाळ मागच्या काचेच्या वर कॅरिअरवर टेकवायची, खाली जुनी चटई, मग मागे जाऊन दुसरं टोक उचलून पुढे रेटायचं. एका वेळी अर्धंच वजन, पंचवीस किलो. टपावर किती भार चालतो ते गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं, ते वाचलं की छोट्या गाडीवाल्यांची बरीच स्वप्नं तिथेच मिटतात. माझं मिटलं. पन्नाशीला आलेल्या बाईने रोज पंचवीस किलो खांद्याच्या वर नेऊ नये, असं माझ्या डॉक्टर भाचीचंही म्हणणं पडलं. हलकी, हवा भरायची नाव घे, असा सल्ला मिळाला. पण तिच्यावर उभं राहून गळ टाकताना पोटात गोळा येतो.

म्हणून मग मी धक्क्यापासून दोनशे पावलांवरच्या एका घराच्या मांगरात, म्हणजे परसातल्या खोपीत, नाव ठेवायला लागले. नारळाच्या सोडणांच्या आणि जुन्या नांगराच्या शेजारी, कुशीवर, दोन टायरांवर. गाडा थेट मांगरातून निघतो आणि मांगरात परत जातो, टपाचा प्रश्न संपला. त्या घरच्या मावशी भाडं घेत नाहीत. आपला वाटा तेवढा बरोबर घेतात, आणि परत आले की नावेकडे न बघता आधी पेटी उघडतात. शेवट्यांवर त्यांचं फारसं मन नाही, त्यांत काटे फार. काळुंद्र चालतात. तांबसो निघाला तर मला चहा मिळतो. गेल्या खेपेला त्यांनी स्पष्टच सांगितलं की चोणक आणायचा तर रविवारी आणत जा, सोमवारी त्यांच्याकडे मासे खात नाहीत, आणि त्यांच्या फ्रिजमध्ये जागा नाही.